चांगली डिस्क आधी जपा, खराब डिस्क मग बदला

लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमधली एक डिस्क गेली तरी सर्व्हर बंद पडत नाही. फाइली उघडतात, बिलं निघतात, ऑफिसात कोणाला पत्ताही लागत नाही. रेड करतात ते त्यासाठीच. पण त्या क्षणापासून सगळा डेटा उरलेल्या एका डिस्कच्या भरवशावर असतो, आणि नेमकं त्याच वेळी आपण स्क्रूड्रायव्हर घेऊन कॅबिनेट उघडतो. माझ्या पाहण्यात अशा वेळी डेटा गेला तो बहुतेकदा माणसाच्या हातून: चांगलीच डिस्क उपसली, चांगल्या डिस्कवर कोरं पार्टिशन टेबल चढवलं, नाहीतर घाबरून नवा अ‍ॅरे बनवायची आज्ञा दिली. खराब डिस्क बिचारी आधीच बाजूला पडलेली असते. म्हणून खाली डिस्क बदलायच्या आज्ञा मोजक्याच आहेत. जास्त जागा त्या देण्याआधी काय पाहायचं याला दिली आहे.

उदाहरणाला एक नेहमीची मांडणी घेऊ. सीएच्या ऑफिसात किंवा छापखान्यात असतो तसा एक सर्व्हर, त्यात ४ टीबीच्या दोन डिस्क, एसडीए आणि एसडीबी. प्रत्येकीचे दोन भाग. पहिल्या भागांचा मिळून एमडी० हा अ‍ॅरे, त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम. दुसऱ्या भागांचा एमडी१, त्यावर डेटा. दोन्ही रेड १, म्हणजे साधा मिरर. सगळा कारभार एमडीएडीएम या प्रोग्रामकडे. नील ब्राऊन यांनी तो २००१ मध्ये लिहायला घेतला आणि आज जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर तो मिळतो. पुढे ‘फेल’, ‘रिमूव्ह’, ‘अ‍ॅड’ असे शब्द येतील ते त्याचे पर्याय. टाइप करताना त्यांच्या आधी दोन डॅश असतात.

काय झालंय ते आधी वाचा

प्रॉक फोल्डरमधली एमडीस्टॅट ही फाइल वाचा. निरोगी मिररपुढे [२/२] [यूयू] असं दिसतं. डिस्क गेली असेल तर [२/१] आणि दोनपैकी एका यूच्या जागी अंडरस्कोअर, आणि गेलेल्या भागाच्या नावामागे कंसात एफ. इथे एक बारीक खोच आहे. यू आणि अंडरस्कोअर यांचा क्रम अ‍ॅरेमधल्या जागांचा असतो, त्याच ओळीत डिस्कची नावं ज्या क्रमाने छापलेली असतात त्याचा नव्हे. [_यू] दिसलं म्हणून ‘पहिलं नाव एसडीबीचं, म्हणजे एसडीबी गेली’ असा निष्कर्ष काढू नका. एमडीएडीएमला ‘डिटेल’ पर्याय देऊन अ‍ॅरेची माहिती मागवा. खाली जो तक्ता येतो त्यात कोणता भाग ‘अ‍ॅक्टिव्ह सिंक’ आहे, कोणता ‘फॉल्टी’ आणि कोणती जागा ‘रिमूव्हड’ हे स्पष्ट लिहिलेलं असतं.

दोन्ही अ‍ॅरेंची माहिती मागवा. एसडीबीचा डेटाचा भाग बाहेर फेकला गेलाय, पण सिस्टिमचा भाग एमडी० मध्ये अजून सुखाने काम करतोय, असं सर्रास होतं. कर्नल भाग बाहेर काढतो, अख्खी डिस्क नाही. डिस्क उपसण्याआधी तिचे सगळे भाग सगळ्या अ‍ॅरेंमधून रीतसर काढावे लागतात ते यामुळेच.

मग डिस्क खरंच गेली आहे का ते बघा. कर्नलच्या नोंदी डीमेसेज या आज्ञेने दिसतात, आणि डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवते त्या स्मार्टसीटीएल दाखवतो. स्मार्टच्या एकूण ‘पास्ड’ या शेऱ्यावर जाऊ नका. मरायला टेकलेल्या डिस्काही पास होतात. आकडे बघा. ५ क्रमांकाची नोंद म्हणजे खराब सेक्टर बदलून राखीव सेक्टर वापरात आले, १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकाल लागायचा राहिलेले सेक्टर, १९८ म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत दुरुस्त न झालेले. हे आकडे दर काही तासांनी चढत असतील तर डिस्क बदलायचीच.

१९९ ची गोष्ट वेगळी. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वायरवर होणाऱ्या चुका तिथे मोजल्या जातात. बाकी सगळं शून्य आणि फक्त हा आकडा वाढतोय, तर आधी साटा केबल बदला, पॉवरचा जोड घट्ट करा. हा आकडा परत शून्यावर येत नाही, त्यामुळे आजचा आकडा लिहून ठेवा आणि उद्या वाढला का ते बघा. अशी निर्दोष डिस्क परत घ्यायला ‘री-अ‍ॅड’ पर्याय आहे. अ‍ॅरेला बिटमॅप, म्हणजे बदललेल्या तुकड्यांची नोंद, असेल तर मधल्या काळात बदललेले तुकडेच लिहिले जातात आणि तासांचं काम मिनिटांत होतं.

आणखी एक कारण लक्षात यायला वेळ लागतो. साध्या डेस्कटॉप डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही की ती मिनिट-दोन मिनिटं प्रयत्न करत बसते. कर्नल मात्र डिस्कच्या उत्तराची वाट सहसा ३० सेकंदच बघतो, मग लिंक रीसेट करतो आणि शेवटी डिस्कला बाहेर काढतो. एका वाईट सेक्टरपायी अख्खी डिस्क गेली असं वाटतं. रेडसाठी बनवलेल्या डिस्क सात सेकंदांत हार मानतात आणि तो तुकडा दुसऱ्या डिस्कवरून घेऊ देतात. तुमची डिस्क ही मर्यादा मान्य करत असेल तर ती स्मार्टसीटीएलने घालता येते. नसेल तर कर्नललाच १८० सेकंद थांबायला सांगा. दोन्ही सेटिंगं रीबूटनंतर पुसली जाऊ शकतात, म्हणून ती सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये टाका.

रिबिल्डच्या आधी बॅकअप

नवी डिस्क भरायची म्हणजे उरलेली डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचायची. महिनोन्‌महिने कोणी हात न लावलेले कोपरेही त्यात आले. दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून आलेल्या असतील तर दोघींचं वयही सारखं आणि सोसलेली उष्णताही सारखी. दुसरी डिस्क याच वाचनात कुरकुरायला लागणं म्हणूनच अनपेक्षित नाही. तेव्हा आधी बॅकअप, आणि त्यातही सगळ्यात मोलाचं सगळ्यात आधी: डेटाबेस, हिशेब, ग्राहकांची कागदपत्रं. सिनेमे आणि इन्स्टॉलर मागून.

हा बॅकअप कालच्या बॅकअपवर चढवू नका, वेगळ्या जागी घ्या. उरलेल्या डिस्कवर फाइल सिस्टिम आधीच बिघडली असेल, तर ‘मूळ जागी नाही ते इकडूनही पुसा’ अशा सेटिंगने चालणारा आरसिंक तुमची शेवटची शाबूत प्रतही साफ करील.

कोणती डिस्क?

एसडीए, एसडीबी ही नावं कर्नल दर वेळी सुरू होताना देतो. डिस्क काढली, पोर्ट बदलला, नुसता पेनड्राइव्ह लावून मशीन चालू केलं तरी ती बदलू शकतात. काल एसडीबी होती ती आज एसडीए असेल. म्हणून ओळख पटवायची ती सिरीयल नंबरावरून. डेव्ह फोल्डरमध्ये डिस्क आणि त्यात बाय-आयडी नावाचा फोल्डर असतो. त्याची यादी काढली की कंपनीचं नाव, मॉडेल, सिरीयल नंबर आणि सध्याचं नाव अशी जोडी दिसते. एलएसबीएलकेलाही मॉडेल आणि सिरीयलचे रकाने दाखवायला सांगता येतं.

हे कागदावर लिहा. दोन ओळी पुरतात: ‘चांगली’ आणि तिचा नंबर, ‘खराब’ आणि तिचा नंबर. मोबाइलवर फोटो काढला तरी कागद हवाच, कारण कॅबिनेटमध्ये डोकं घातल्यावर एका हातात टॉर्च असतो.

डिस्क पुरतीच मेली असेल तर तिचा नंबर संगणकाला दिसणारच नाही. मग उलट जा. जिवंत डिस्कांचे नंबर लिहून घ्या आणि लेबलं बघत जा. ज्या डिस्कचा नंबर यादीत नाही तीच काढायची. समोर दिवे असलेले ट्रे असतील तर चांगल्या डिस्कवरून डीडीने नुसतं वाचन सुरू करा. जिचा दिवा सतत लुकलुकतोय तिला हात लावायचा नाही. मदरबोर्डवर छापलेल्या साटा पोर्टच्या क्रमांकावर मात्र विसंबू नका, कर्नलचा क्रम तसाच असेल याची हमी नाही. आणि तुमचे सगळे सर्व्हर आज ठणठणीत असतील तर हा लेख बाजूला ठेवून आधी प्रत्येक ट्रेवर सिरीयलची शेवटची चार अक्षरं लिहिलेले स्टिकर लावा. रात्री अकराला वेळ वाचतो.

नवी डिस्क

नवी डिस्क जुनीइतकी किंवा मोठी हवी, एक सेक्टरही कमी चालत नाही. ४ टीबी म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्या डिस्क बाइटमध्ये अगदी सारख्या असतीलच असं नाही, म्हणून बाइटचा आकडा जुळवून बघा. अ‍ॅरे पहिल्यांदा बनवतानाच डिस्कच्या शेवटी शंभरेक एमबी मोकळे सोडण्याची सवय असेल तर हा प्रश्न येत नाही.

दुसरं, डिस्क एसएमआर पद्धतीची नको. या पद्धतीत मॅग्नेटिक पट्टे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळे एक पट्टा बदलताना शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. रोजच्या वापरात ते जाणवत नाही, पण तासन्‌तास चालणाऱ्या रिबिल्डमध्ये डिस्कचा वेग कोसळतो आणि कधीकधी तिला अ‍ॅरेच्या बाहेर फेकलं जातं. २०२० च्या एप्रिलमध्ये वेस्टर्न डिजिटलने मान्य केलं की नॅससाठी विकल्या जाणाऱ्या त्यांच्या ‘रेड’ (इथे इंग्रजीतला लाल) मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क याच पद्धतीच्या आहेत. त्यानंतर जुन्या, म्हणजे सीएमआर पद्धतीच्या डिस्क ‘रेड प्लस’ या नावाने वेगळ्या काढल्या गेल्या. खोक्यावर ‘नॅस’ लिहिलंय एवढ्यावर भागत नाही, मॉडेल नंबर टाकून पद्धत बघा.

लॅमिंग्टन रोडवरून आणा किंवा ऑनलाइन मागवा, पाकीट फोडण्याआधी सिरीयल नंबर कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाकून बघा. जोडल्यावर स्मार्टमधले चालू राहिल्याचे तास बघा. कोऱ्या डिस्कला ते शून्याच्या आसपास हवेत. मग स्मार्टची लांब चाचणी लावा. ४ टीबीला ती कित्येक तास घेते, आणि तुम्हाला घाई असते. तरी लावाच, शक्यतो दुसऱ्या मशीनमध्ये. नव्या डिस्क पहिल्याच दिवशी खराब निघालेल्या मी पाहिल्या आहेत.

जुनी काम करतेय तोवर काढू नका

डिस्कवर खराब सेक्टर वाढताहेत, पण ती अजून अ‍ॅरेमध्ये आहे, अशा वेळी बहुतेक जण तिला आधी ‘फेल’ करतात, काढतात आणि मग नवी लावतात. मला हे कधीच पटलं नाही. अर्धी-मुर्धी का होईना, दुसरी प्रत हाताशी असताना ती आपल्या हाताने का टाकायची? सर्व्हरमध्ये एक मोकळा साटा पोर्ट असेल तर नवी डिस्क तिसरी म्हणून जोडा, तिचे भाग ‘अ‍ॅड’ने अ‍ॅरेला द्या, ते स्पेअर म्हणून बसतील. मग ‘रिप्लेस’ पर्यायापुढे जुना भाग आणि ‘विथ’पुढे नवा भाग द्या. नवी भरली जात असताना जुनी कामावरच राहते, आणि जुनीवरचा एखादा सेक्टर वाचता आला नाही तर तेवढाच दुसरीकडून घेतला जातो. काम संपलं की जुनी आपोआप ‘फॉल्टी’ होते आणि मग तिला ‘रिमूव्ह’ करायचं. २०१३ च्या ३.३ आवृत्तीपासून एमडीएडीएममध्ये ही सोय आहे. रेड ५ वर तर मी दुसरा मार्ग सुचवतच नाही, कारण तिथे एक डिस्क काढली की उरलेल्यांपैकी एकीनेही एक सेक्टर नाकारणं महागात पडतं.

पोर्ट नसेल, किंवा डिस्क आधीच बाहेर फेकली गेली असेल, तर नेहमीचा रस्ता. आपल्या उदाहरणात एसडीबीचा पहिला भाग एमडी० मध्ये आणि दुसरा एमडी१ मध्ये ‘फेल’ करा, मग दोन्ही ‘रिमूव्ह’ करा. डिस्क यंत्रणेतून गायबच झाली असेल तर भागाच्या नावाऐवजी ‘डिटॅच्ड’ हा शब्द द्या. तिच्यावर मिररबाहेरचं स्वॅप असेल तर ते स्वॅपऑफने आधी बंद करा, नाहीतर चालू प्रोग्राम कोसळतील.

मशीन बंद करण्याआधी एक प्रश्न: ते पुन्हा चालू होईल का? बूटलोडर अनेकदा एकाच डिस्कवर बसवलेला असतो आणि काढायची असते नेमकी तीच. जुन्या पद्धतीच्या बायोसवर उरलेल्या डिस्कवर ग्रब बसवून घ्या. यूईएफआय असेल तर ईएफआयचा छोटा भाग सहसा मिररमध्ये नसतो. तो चांगल्या डिस्कवर आहे का आणि भरलेला आहे का ते बघा. सोबत लाइव्ह लिनक्सचा पेनड्राइव्ह असू द्या. आणि हॉट स्वॅपची खात्री नसेल तर सरळ मशीन बंद करून, वायर काढून डिस्क बदला. दहा मिनिटं सर्व्हर बंद राहिल्याने कोणाचं काही अडत नाही.

पार्टिशन टेबलची नक्कल

सगळ्यात घातक पायरी हीच. नव्या डिस्कवर चांगल्या डिस्कसारखेच भाग पाडायचे आहेत, आणि दिशा उलटली तर कोऱ्या डिस्कचं टेबल चांगलीवर चढतं.

म्हणून सुरुवातीला चांगल्या डिस्कचं टेबल एसएफडिस्कच्या डम्प पर्यायाने एका फाइलीत उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. मग रीबूटनंतर नावं बदलली का ते सिरीयल नंबरावरून पुन्हा पडताळा. मघाचा कागद इथे लागतो. ती साठवलेली फाइलच एसएफडिस्कला देऊन नव्या डिस्कवर टेबल लिहा. या पद्धतीत आज्ञेमध्ये फक्त नव्या डिस्कचं नाव येतं, त्यामुळे उलटापालट व्हायला वाव कमी. एसजीडिस्कच्या नक्कल करणाऱ्या आर पर्यायात मात्र भलताच सापळा आहे: आर या अक्षराला चिकटून येतं ते नाव जिच्यावर लिहायचं त्या डिस्कचं, आणि जिच्यावरून घ्यायचं तिचं नाव शेवटी. ‘हिच्यावरून तिच्यावर’ अशा सवयीने टाइप केलं की चांगली डिस्क कोरी. नक्कल कोणत्याही पद्धतीने केली तरी जीपीटी टेबलातले ओळखक्रमांकही जसेच्या तसे येतात. एसजीडिस्कच्या मोठ्या जी पर्यायाने नव्या डिस्कला नवे क्रमांक द्या.

नवी म्हणून लावलेली डिस्क पूर्वी कुठे वापरलेली असेल तर तिच्यावरच्या जुन्या खुणा वाइपएफएसने पुसा. एंटर दाबण्याआधी नंबर पुन्हा वाचा.

रिबिल्ड

आता ‘अ‍ॅड’. पहिला भाग एमडी० ला, दुसरा एमडी१ ला. एमडीस्टॅटमध्ये ‘रिकव्हरी’ची पट्टी, टक्केवारी आणि उरलेला वेळ दिसायला लागेल. एका अ‍ॅरेपुढे ‘डिलेड’ असा शब्द आला तर घाबरू नका. दोन्ही अ‍ॅरे त्याच डिस्कांवर असल्यामुळे कर्नल एकामागून एक काम करतोय. सेकंदाला १५० एमबी असा वेग धरला तर ४ टीबीला साधारण साडेसात तास लागतात, आणि डिस्कच्या आतल्या पट्ट्यांकडे जाताना वेग उतरतो, म्हणून सकाळी दाखवलेली वेळ संध्याकाळी लांबलेली दिसते.

दिवसा लोक काम करत असतील तर रिबिल्ड आपोआप मागे सरतं. रात्री ते पळवायचं असेल तर वेगाची किमान मर्यादा वाढवा. ती मुळात सेकंदाला १००० केबी इतकीच असते. यूपीएसची बॅटरी आधीच तपासून ठेवलेली बरी. मध्येच वीज गेली तर काम मागच्या नोंदीपासून पुन्हा सुरू होतं, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात तासाभरात चार झटके उरलेल्या एकुलत्या डिस्कला कशाला द्यायचे?

आणि रिबिल्ड अर्ध्यात थांबलं, चांगल्या म्हणवणाऱ्या डिस्कनेच सेक्टर वाचायला नकार दिला, तर हात मागे घ्या. या घडीला ‘क्रिएट’ पर्याय वापरू नका. इंटरनेटवर अनेक जण तो सुचवतात. तो जुन्या नोंदींवर नव्या नोंदी लिहितो, आणि डिस्कांचा क्रम किंवा एखादा आकडा चुकला तर परतीची वाट अवघड होते. प्रत्येक भागावर ‘एक्झामिन’ चालवून आलेला मजकूर फाइलीत साठवा. मग कुरकुरणारी डिस्क डीडीरेस्क्यूने दुसऱ्या कोऱ्या डिस्कवर जमेल तेवढी उतरवून घ्या आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा. रेड ५ मध्ये दोन डिस्क पाठोपाठ बाहेर गेल्या असतील तर ‘एक्झामिन’मधले ‘इव्हेंट्स’चे आकडे ताडून बघा, फरक थोडा असेल तर ‘असेम्बल’ला ‘फोर्स’ची जोड देऊन अ‍ॅरे अनेकदा उभा राहतो. पण तेही मूळ डिस्कांवर नव्हे, प्रतींवरच.

झाल्यावर

[यूयू] दिसलं की नव्या डिस्कवरही बूटलोडर बसवा. पुढच्या खेपेला दुसरी जाईल तेव्हा तो लागेल. अ‍ॅरेचा ओळखक्रमांक बदललेला नाही, त्यामुळे एमडीएडीएमच्या कॉन्फिग फाइलीला हात लावायची गरज नाही, फक्त तिच्यातला मेलचा पत्ता बघा. तिथे बहुधा ‘रूट’ असतं आणि रूटची मेल कोणीच वाचत नाही. ‘मॉनिटर’ला ‘स्कॅन’, ‘वनशॉट’ आणि ‘टेस्ट’ जोडून चाचणीची मेल पाठवा. ती तुमच्या मोबाइलवर पोहोचली नाही तर पुढची डिस्क गेल्याचं तुम्हाला कळणारच नाही.

एक-दोन दिवसांनी अ‍ॅरेची पूर्ण तपासणी लावा. त्यासाठी अ‍ॅरेच्या सिंक-अ‍ॅक्शन या फाइलीत ‘चेक’ हा शब्द लिहायचा. डेबियनमध्ये अशी तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप होते. ‘सर्व्हर मंद होतो’ म्हणून ती बंद करणारे लोक असतात, तसं करू नका. कानाकोपऱ्यातला वाईट सेक्टर दोन्ही प्रती शाबूत असताना सापडतो तो त्यामुळेच. तपासणीनंतर मिळणारा विसंगतीचा आकडा रेड १ वर, विशेषतः स्वॅप असलेल्या अ‍ॅरेवर, थोडा आला तर लगेच धास्तावू नका. डेटाच्या अ‍ॅरेवर तो वाढत राहिला तर मेमरी तपासा.

जुनी डिस्क ही तपासणी पार पडेपर्यंत टाकू नका. नंतर तिच्यावर मोठ्या अक्षरांत ‘खराब’ आणि तारीख लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी कोणीतरी तीच स्पेअर म्हणून लावील. मिररमधली एकटी डिस्कही कोणत्याही लिनक्सवर सगळ्या फाइलींसकट उघडते, हे वॉरंटीत परत करण्याआधी लक्षात घ्या. फिरत असेल तर दुसऱ्या मशीनला एकटीच जोडून श्रेडने पुसा. फिरतच नसेल आणि तिच्यावर लोकांचे पॅन, आधार, बँकेचे हिशेब असतील, तर वॉरंटीचे पैसे सोडा आणि ड्रिलने आतल्या तबकड्यांतून आरपार चार-पाच भोकं पाडून मगच भंगारात द्या.